मागच्या भिंतीचे गुरुजी

मागं बसण्याची कला अख्ख्या मराठवाड्यात कुणाला पुरती साधली असेल, तर ती आमच्या छात्राध्यापकाला. मी पडलो बाजार करणारा माणूस. डोक्यावर कापडाचं गाठोडं घेऊन सोनपेठच्या बाजारात उभा राहिलो, त्या दिवसापासून पुढच्या जागेसाठी लोकांशी भांडत आलो. आणि हा गृहस्थ असा, की एसटी रिकामी असली तरी मागच्या चाकावरची जागा शोधायचा. पंगतीत शेवटचं पान धरायचा आणि वरण तिथवर पोचलं नाही तर नुसत्या मिठाशी भात खायचा. एका लग्नात मागं मागं सरकत तो मांडवाबाहेर वाजंत्रीवाल्यांत जाऊन टेकला. त्यांनी त्याच्या हातात खुळखुळा दिला. नाही म्हणायला भ्याला, म्हणून वरात दारी लागेपर्यंत त्यानं तो इमानानं वाजवला.

तो आमच्या गावी आला तो परभणीच्या अध्यापक विद्यालयातून, शाळेतले पाठ मागं बसून बघायला. बघून झाले की शेवटी परीक्षकासमोर स्वतः एक पाठ द्यायचा, असा त्यांचा नियम. शाळा तेव्हा माझ्या शेडमध्ये भरत होती. वावटळीत शाळेचे पत्रे उडाले तेव्हा मी सरकीची पोती हलवून शेड मोकळी करून दिली, फुकट. पंधरा ऑगस्टला सरपंचानं झेंड्याखाली उभं राहून आभार मानले, "ग्रामस्थांच्या सहकार्याचे". माझं नाव नाही! सरकी ग्रामस्थांची होती का? हे मी आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून पत्रे तपासायच्या निमित्तानं मी रोज खिडकीशी उभा राहायचो. शेड कुणाची आहे, हे लोकांच्या ध्यानात असावं म्हणून.

दिवस वाईट होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून माणसं एकमेकांकडं चोरून बघायची. अनोळखी माणसाला पाणी विचारायच्या आधी आडनाव विचारायची. पारावरच्या म्हाताऱ्यांनी यालाही विचारलं. घाबरून हा म्हणाला, "छात्राध्यापक." म्हातारे विचारात पडले. "कोकनातले असतील," एकानं निकाल दिला. पण खरं आडनाव दोन दिवसांत गावभर झालं आणि सरपंच माझ्या दुकानात आले.

"अप्पा, दिवस कसे हायत? असल्या दिवसात तुमी त्याला वसरीवर ठिवनार म्हनं?"

खरं सांगतो, तोवर मी त्याला ठेवायचं ठरवलंच नव्हतं. पण सरपंच नको म्हणाले, तेवढ्यावर माझं ठरलं. "शेड माझी, वसरी माझी, अन् फिकीर तुमाला?" मी म्हणालो. "झेंड्याखाली नाव घ्यायला इसरलाव, आता बी इसरा." सरपंच गेले, पण मलाही आठ दिवस झोप धड लागली नाही. रात्री कुत्रं भुंकलं तरी मी उठून वसरीकडं बघायचो.

शेडमध्ये तो मागच्या भिंतीशी एका खोक्यावर बसायचा. पोरं मान मोडेस्तोवर वळून त्याच्याकडं बघायची. मुख्य गुरुजी फळ्याकडं वळले की एखादं पोर पाटी मागं सरकवायचं आणि हा गणित न सांगता नुसतं चुकलेल्या जागी बोट ठेवायचा. बघायचं व्यसन त्याला इतकं, की बाजारात माझाही पाठ बघायला आला. एका बाईशी मी लुगड्याचा सौदा करत होतो. शपथा झाल्या, लुगडं गुंडाळून ठेवलं, पुन्हा काढलं. सगळं झाल्यावर तो हळूच म्हणाला, "अप्पा, प्रस्तावना लय लांबली. अन् हेतुकथन तर केलंच न्हाई."

"हेतू आदी सांगितला तर गिऱ्हाईक थांबल का, मास्तर?"

यावर त्यानं गंभीरपणे मान हलवली. मला इतका संताप आला, की पुढच्या गिऱ्हाइकाला मी भाव कमी करून बसलो.

घरी तो वसरीलगतच्या खोलीचं दार लावून पाठाची तयारी करायचा. विषय होता जिल्ह्यातल्या नद्या. दाराआडून त्याचा आवाज असा यायचा, की दुधना, पूर्णा, गोदावरी आमच्या माजघरातून वाहताहेत असं वाटावं. आमची मंडळी भाकरी थापायची थांबायची. पण दार उघडून मी समोर उभा राहिलो, की नद्या जागीच आटायच्या. ओठ हलायचे, आवाज नाही. "दार लावा बरं तुमी!" मंडळी माझ्यावर खेकसायची. "गोदावरी कुठवर आली ते मला ऐकायचंय."

एका संध्याकाळी मीच विचारलं, "मास्तर, समोर आलं की तुमाला होतंय काय?"

त्यानं पाठाची वही मिटली. मग म्हणाला, "अप्पा, आमच्या गावच्या शाळेत मला सगळ्यात मागं, दाराशी बसवायचे. तिथून जेवढं ऐकू आलं तेवढं शिकलो. आता फळ्यापाशी उभा राहिलो की वाटतं, आता कुणीतरी म्हनल, तू हितं कसा? मागं जा." एकदा तो या पाठात नापास झाला होता. पुन्हा झाला तर विद्यालयातून नाव कमी होणार होतं आणि रोजगार हमीच्या कामावर बापाच्या शेजारी बसून खडी फोडायची होती. "बाप म्हनतो, तू ये, मी जागा धरून ठिवतो," तो हसून म्हणाला. मला हसू आलं नाही.

पाठाच्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. परीक्षक एसटीनं आले. त्यांची खुर्ची मागच्या भिंतीशी ठेवली होती. छात्राध्यापक फळ्यापाशी उभा राहिला. त्यानं खडू उचलला, खडू मोडला. दुसरा उचलला, तोही मोडला. पोरं टकामका बघत होती. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मी खिडकीच्या गजांशी तोंड नेलं. "बोल की रे!" असं ओरडायला मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तो चालायला लागला. पोरांच्या मधून वाट काढत, एकेक पाऊल टाकत मागं गेला आणि परीक्षकांच्या शेजारी भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. संपलं, मी मनात म्हणालो. खडी.

पण पोरांना त्यात काही वावगं दिसलंच नाही. गुरुजी आपल्या जागेवर गेले, एवढंच त्यांना कळलं. पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली, तिनं आपलं बसकर फिरवून टाकलं आणि मागच्या भिंतीकडं तोंड केलं. मग सगळ्यांचीच बसकरं फिरली. माना मोडायची गरज उरली नाही. आता परीक्षकच वर्गासमोर आले आणि तीस-चाळीस डोळे त्यांच्या बुटांकडं बघायला लागले. गोंधळून त्यांनी खुर्ची उचलली आणि दूर फळ्याखाली जाऊन बसले.

आणि दाराआडचा आवाज आला. तोच. त्यानं माझ्या भिंतीवर खडूनं गोदावरी काढली, खिडकीपासून दारापर्यंत. पूर्णा उतरवली, दुधना तिला मिळवली. पोरं उठून भिंतीवर आपापली गावं दाखवत होती, भांडत होती.

बाहेर परीक्षक मुख्य गुरुजींना म्हणाले, "फळ्याचा वापर शून्य. वर्गाची बैठक मोडली. पास कसं करावं?"

आता मात्र माझ्यातल्या बाजारी माणसाला राहवेना. "साहेब, मी चौथी शिकलोय. पन बाजारात एक कायदा हाय. गिऱ्हाईक ज्या दुकानाकडं तोंड फिरवतंय, ते दुकान समोरचं."

"मी सौदा करत नाही," ते फटकन म्हणाले आणि पुन्हा आत गेले. त्या पोरीला त्यांनी विचारलं, "गोदावरी पुढं कुठं जाते?" तिनं भिंतीवरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि बोट फिरवत फिरवत दाराबाहेर अंगणात गेली. बोलावलं तरी परत येईना. परीक्षक तिच्याकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी पेन काढलं.

तो पास झाला. जाताना ओलं फडकं घेऊन शेडमध्ये आला. "अप्पा, तुमची भिंत खराब केली."

"हात लावू नको!" मी असा ओरडलो, की फडकं त्याच्या हातून पडलं. घाबरला बिचारा. माझा आवाजच तसा आहे, त्याला मी काय करू? पुढं त्याला दूरच्या तालुक्यात नोकरी लागली. पुन्हा भेट नाही. शाळा नव्या पत्र्यांखाली परत गेली, शेडमध्ये सरकी आली. पोती रचताना हमाल दर हंगामाला कुरकुरतो, "अप्पा, या भिंतीपाशी येवढी जागा कामून सोडायलाव?"

ओल येते, म्हणतो मी.