मारोतीचा पेपर, ज्योतिबाची पाठ

कांदा-बटाटा मार्केटात चहाच्या वेळी ते भांडण जुंपलं, तेव्हा मी गोणपाटावर बसून सडके कांदे बाजूला काढत होते. हात कांद्यात, कान भांडणात. हमालांच्या टोळीतला एक जण ओरडत होता, "ह्यानं पेपर वाचायचा आन् ह्याच्या गोण्या आपण वाहायच्या? जहागीरदार लागून गेला काय? आपल्याकडचा बी न्हाई, परभणीकडचा हाय."

ज्याच्यावरून भांडण चाललेलं, तो मारोती पेपर मांडीवर घेऊन बसलेला. तेवढ्यात ज्योतिबा उठला. हा आमच्या साताऱ्याकडचा, अंगानं रेडा, अक्षराशी वैर.

"तुला वाचता येतंय का?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मला बी न्हाई. मग गप बस. त्याच्या गोण्या माझ्या पाठीवर टाका. पर मारत्या, विधानसभेत कोण काय बोललं ते समदं वाचायचं. कटाळा आला म्हणून गाळायचं न्हाई."

"न्हाई गाळत, दादा," मारोती म्हणाला.

तेव्हापासून चहाच्या वेळी मारोती उलट्या पाटीवर बसून वाचायचा, टोळी चहा प्यायची आणि ज्योतिबा मारोतीच्या गोण्या ट्रकमध्ये टाकून यायचा. गंमत अशी, की ज्याला ऐकायची सगळ्यात हौस, तोच ये-जा करत असायचा. म्हणून मारोती एक वाक्य वाचून थांबायचा. ज्योतिबा परत दिसला की पुढचं वाक्य. मंत्री बिचारा उत्तर द्यायला उठलेला, तो गोण ट्रकात पडेपर्यंत तसाच उभा! निवडणूक आली की टोळी त्या ऐकलेल्यावर वाद घालायची, आणि एकदा ठरलं की सगळ्यांची मतं एकालाच.

पुढं सगळे थकले. मार्केट सुटलं, सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत म्हातारपण सुरू झालं. मारोती सकाळी स्टेशनाजवळच्या स्टॉलवरून पेपर आणायचा आणि वॉचमनच्या केबिनीशेजारच्या बाकावर वाचायचा. बाकावर जागा मिळायची नाही. मग घराघरांत मोबाईल आले. आधी एक जण उठला, मग दुसरा. शेवटी बाकावर ज्योतिबा, मी आणि एक मांजर.

त्यात आमच्या आमदारानं पक्ष बदलला. टीव्ही म्हणाला गेला, मोबाईल म्हणाला गेलाच नाही, पेपर म्हणाला जाणार असल्याचं समजतं. मारोतीनं चष्मा काढला.

"रंगूआक्का, मी दिलेलं मत आता कुणाकडं हाय?"

"मला काय विचारतोस? मी चौथी सोडलेली."

"न्हाई, पर ते त्याच्यासंगं गेलं का पक्षापाशी राह्यलं?"

ज्योतिबा म्हणाला, "कुठंबी जाऊ दे. आपल्या जिन्याचं बोलला म्हंजे झालं."

कारण आमच्या जिन्याचा स्लॅब पडायला आलेला. वर छत, खाली टेकू, मधून आम्ही. ही पाडून नवी इमारत बांधायची ठरलेली, पण ती कुठं अडलीय ते कुणी सांगेना. आमदारानं शब्द दिलेला, अधिवेशनात प्रश्न विचारतो म्हणून. ते रोज पेपरात शोधायचं, हे मारोतीचं काम.

याच दिवसांत राजनंदिनीनं, ज्योतिबाच्या नातीनं, आजोबाला मोबाईल दिला. एका सकाळी ज्योतिबा पेढे घेऊनच खाली आला. मोबाईलमध्ये आमदार विधानसभेत हात वर करून बोलत होता, "सानपाड्याच्या गरीब हमालांच्या इमारती..." सगळी सोसायटी गोळा झाली. मीपण पेढा खाल्ला. मारोतीनं मात्र पेपर उघडला, पानं उलटली, परत उलटली.

"दादा, यात लिवलंय, काल गोंधळ झाला. सभागृह दिवसभरासाठी तहकूब. एकबी प्रश्न झाला न्हाई."

"मग ह्यो कोण बोलतोय? त्याचं भूत?"

राजनंदिनी वाकून बघायला लागली. "आजोबा, याच्या गळ्यात जुन्या पक्षाचं उपरणं आहे. हा व्हिडिओ जुना असणार."

कुणीतरी फिस्कन हसलं. ज्योतिबाचं तोंड लाल झालं. नातीवर रागावता येईना, म्हणून तो मारोतीकडं वळला. "तुझ्या पेपरापायी मी पाठ मोडली, मारत्या. आन् तूच मला चारचौघांत खोटं पाडतोस?"

मारोतीच्या हातात पेढा तसाच राहिला.

नंतर मी आमदाराच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, "आजी, प्रश्न लेखी दिलेला. पण साहेब आता इकडं आलेत ना, म्हणून तो परत नव्यानं द्यायला लागेल." म्हणजे विचारला की नाही विचारला? तेव्हा जरा कळल्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत तेही गेलं.

ज्योतिबा बाकावर यायचा बंद झाला. मारोती मला वाचून दाखवायचा, पण एक वाक्य झालं की थांबायचा, जुन्या सवयीनं, आणि जिन्याकडं बघायचा. "पुढं वाच की," मी म्हणायची. "हो, हो," म्हणायचा आणि ओळ चुकायचा.

मारोती जाऊन आता महिना होत आला. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. पण त्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा स्टॉलवर गेला, पेपर आणला आणि बाकावर न बसता टेकूंमधून वाट काढत आमच्या मजल्यावर चढला. माझं दार ज्योतिबाच्या दारासमोरच. मी दाराच्या जाळीतून बघत होते.

तो ज्योतिबाच्या दारासमोर पायरीवर बसला. दार अर्धं उघडं, आत मोबाईलमध्ये दोन माणसं एकमेकांवर ओरडत होती. मारोतीनं खाकरून वाचायला सुरुवात केली. "सत्ताधारी आणि विरोधक यांच्या घोषणाबाजीमुळे..." आणि थांबला.

मोबाईल ओरडतच होता. मारोती थांबून राहिला. ट्रक लांब लागलाय, असं समजून थांबावं तसा.

मग मोबाईल बंद झाला.

"...सभागृहाचं कामकाज तहकूब करण्यात आलं."

आतून आवाज आला, "कालचं तहकूब वाचतोस का आजचं?"

"आजचं हाय, दादा."

"मग वाच. गाळू नगंस."

मारोतीनं सगळं वाचलं. आमच्या जिन्याचं त्यात काही नव्हतं. मग घड्या जुळवून त्यानं पेपर माझ्या जाळीत खोचला, रोज बाकावर वाचून झाला की मला द्यायचा तसा, आणि कठडा धरून खाली उतरला.