कुलर स्टाफसाठी आहे

"हात पुढे करा. आता उलटे करा."

कंपनीच्या गेटवर आम्ही सहाजणी ओळीने उभ्या होतो. सकाळची वेळ, म्हणजे सगळा स्टाफ आत शिरायची वेळ. एचआरच्या मॅडमनी मास्क लावला होता, हातमोजे घातले होते. तरीही आमच्या बोटांना हात न लावता पेनाच्या टोकाने नखं दाखवत होत्या. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख ॲसिडने करपलंय. त्यांच्याच संडासात ओतायच्या ॲसिडने. पेन तिथे थांबलं.

"हे बघा," त्या सिक्युरिटीवाल्याला म्हणाल्या, "याचा फोटो घ्या. सगळ्यांचेच घ्या."

दुपारी फोटो नोटीस बोर्डावर लागले. वर 'कावीळ : सावधगिरीच्या सूचना', खाली साबणाने हात कसे धुवायचे त्याची चित्रं, आणि मधे आमचे बारा हात. चेहरे नव्हते. पण कंपनीत हाउसकीपिंगच्या बायका सहाच आहेत. कोणाचे हात, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

अंबरनाथच्या एमआयडीसीत मी सात वर्षं झाडू-पोछा करतेय, कॉन्ट्रॅक्टवर. राहते उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये नाल्याकडच्या वस्तीत. साथीची खबर आमच्याकडे आधीच आली होती. भोंगा लावलेली रिक्षा दोन दिवस गल्लीबोळांतून ओरडत फिरत होती, पाणी उकळून प्या, पाणी उकळून प्या. सिलिंडर लवकर संपतो म्हणून जीव तुटायचा, तरी आम्ही उकळत होतो. कंपनीत तीच खबर मेलवर आली. ती मेल कोणी उघडली नाही. अकाउंटचे साहेब पिवळे पडले तेव्हा उघडली.

मग आम्हाला एकेकीला केबिनमध्ये बोलावलं.

"कुठे राहतेस?"

"उल्हासनगर."

"उल्हासनगरमध्ये कुठे?"

"कॅम्प एक."

"कॅम्प एकमध्ये कुठल्या बाजूला?"

हा प्रश्न मी शाळेपासून ओळखते. विचारणाऱ्याला पत्ता नको असतो. मी म्हटलं, नाल्याकडे. मॅडमनी मान हलवली, हवं ते उत्तर मिळाल्यासारखी. समोर रिकामी खुर्ची होती, पण सगळं उभ्यानेच विचारलं. मॅडम स्वतः बदलापूरला सोनिवलीच्या नव्या टॉवरमध्ये राहतात. तिथे पाणी टँकरने येतं. तो टँकर कुठे भरतो, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

खरं सांगते, त्या दिवशी मला राग आला नाही. लाज वाटली. घरी गेले आणि आरशात डोळे ताणून बघितले, पिवळे दिसतात का. मुलीला उजेडात नेऊन तिचे बघितले. ती विचारत होती, आई काय झालं, आणि मी तिची पापणी अजून खाली ओढत होते. आज मला सगळ्यात जास्त हेच बोचतं. त्यांनी म्हटलं आणि मी मानलं.

दोन दिवसांनी सुपरवायझर कागद घेऊन आला. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

"ताई, साइन मारा ना पटकन. फॉर्मॅलिटी आहे."

मी दहावी पास आहे, हे त्याला माहीत नव्हतं. कधी विचारलं असेल तर ना. मी वाचलं. 'माझ्या घरी व परिसरात कावीळ असल्याचे मी कंपनीपासून लपविले.' खाली पाच सह्या झाल्या होत्या. कमलमावशीची पण. ती आमच्यातली सगळ्यात मोठी, चष्मा घरी विसरली होती.

"वाचून देते," मी म्हटलं आणि कागद एप्रनच्या खिशात घातला.

वरच्या मजल्यावर ऑफिसचा कुलर आहे. तो पुसणं, खालची जाळी घासणं हे माझं रोजचं काम. पुसायचा, पण त्यातलं पाणी प्यायचं नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कुलर स्टाफसाठी आहे, तुमचं पाणी तुम्ही आणायचं. एकदा मे महिन्यात कमलमावशीने तिथला ग्लास भरून घेतला. कोणी ओरडलं नाही. स्टाफमधल्या एकाने तिच्या डोळ्यांदेखत तो ग्लास उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला, काचेचा, चांगला. तेव्हापासून आमच्यातल्या कोणीही तिथे हात लावला नाही.

कुलर पुसता पुसता मी थांबले. आजारी कोण कोण? अकाउंटचे साहेब. परचेसचे दोघं. आता रिसेप्शनची मुलगी. सगळे वरचे. खाली मशीनवरचे कामगार दुसऱ्या टाकीचं पाणी पितात, त्यांच्यातला एकही नाही. आम्हा सहाजणींतली एकही नाही.

आता राग आला. फडका तिथेच ठेवला आणि केबिनमध्ये गेले.

"मॅडम, आजारी पडलेत ते सगळे कुलरचं पाणी पितात. आम्ही पीत नाही. तुम्ही पिऊ देत नाही. म्हणून आम्ही बऱ्या आहोत. पाणी तपासा."

"तू मला मेडिकल शिकवणार?"

"नाही. पाणी तपासा."

"आधी सही कर. मग बघू."

"सही नाही करणार."

सात वर्षांत त्यांना पहिल्यांदा नाही म्हटलं. बाहेर सुपरवायझर उभा होता. "ताई, पागल झालात काय? उद्या गेटवर पास चालणार नाही तुमचा."

मी जिन्यात बसले आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं. आजारी कोण, ते कुठलं पाणी पितात, आम्हाला ते का मिळत नाही, सगळं. कमलमावशी शेजारी येऊन बसली. "माझं पण नाव टाक," म्हणाली. "आधीची सही न वाचता केली, ते पण लिही."

त्याची एक झेरॉक्स आम्ही सरकारी दवाखान्यात नेऊन दिली, साथीचं बघणाऱ्या बाईंकडे. चार दिवसांनी माणसं येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेली. कुलरचा पाइप संडासाच्या लाइनीला लागून गेलाय आणि तिथेच फुटलाय, हे निघालं. तो पाइप ज्या भिंतीतून जातो, तिची ओल मी पावसाळ्याआधी दोनदा सांगितली होती. तेव्हा सुपरवायझर म्हणाला होता, बघतो.

स्टाफला मेल गेली, लाइनमधला दोष दूर केला आहे. नवा कुलर आला. आमचे फोटो कधीतरी काढून टाकले. माफी नाही, एक शब्द नाही. एकदा मॅडम जिन्यात भेटल्या, हसून म्हणाल्या, "आता तुम्ही पण कुलरचं पाणी प्या हं. मी परमिशन दिलीय."

परमिशन! मला संताप आला, पण त्याहून जास्त थकवा आला. इतकं सगळं करून शेवटी उपकारच पदरात.

तेव्हापासून दर सोमवारी मी एक अर्ज देते. 'बोर्डावर आमचे हात लावले होते. आजार आमच्याकडून आला नव्हता, असे त्याच बोर्डावर लिहावे.' ऑफिसकडून पोच घेते. सात अर्ज झाले. उत्तर नाही. सुपरवायझर सांगून गेला, तुमची बदली दुसऱ्या साइटवर करायचं चाललंय. मी म्हटलं, लेखी आण. अजून आणलं नाही.

चौघी सही करत नाहीत. त्यांच्या घरी एकच पगार येतो, त्यांना मी काही म्हणत नाही. कमलमावशी गुडघ्यांमुळे पुढच्या महिन्यात काम सोडतेय. मग अर्जाखाली एकच सही राहील.

ती मी करणार. बोर्डावर लिहीपर्यंत करणार.