एकच वाडगं

वाडगं मी दोन्ही हातांनी पुढे धरलं होतं. वैदेहीताईंनी हात मांडीवरून उचलले नाहीत.

मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. मी वाडगं आणखी पुढे नेलं. तशा त्या गुडघ्यांवर बसल्या बसल्याच मागे सरकल्या. थोड्याच. चटई कोरडी करकरली. सगळ्यांनी ऐकलं.

मग यजमान जपानी बाईंकडे वळून त्या गोड आवाजात म्हणाल्या, "सॉरी, कुड वी हॅव सेपरेट बोल्स, प्लीज? जस्ट हायजीन."

आणि शेजारच्या स्वातीला, हळूच, मराठीत: "पहिला घोट हिने घेतलाय गं."

हळूच म्हणजे मला ऐकू येईल इतकंच हळू.

ही गोष्ट लंडनची आहे. यंदाची. ईलिंगकडच्या आम्हा मराठी बायकांचा एक गट आहे. माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून मी त्यात आहे. हॉलची किल्ली माझ्याकडे असते. चहाचं मोठं पातेलं माझं. कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाची सासू उपासाला काय खाते, मला पाठ. वैदेहीताई गटाच्या अध्यक्ष. पुण्याच्या, निवृत्त डॉक्टर. मी हॉस्पिटलात नर्स. इन्फेक्शन कंट्रोल बघते. हायजीनचाच पगार घेते मी.

त्याआधीच्या आठवड्यात वैदेहीताई माझ्या घरी आल्या होत्या. पहिल्यांदाच. एरवी भेटी हॉलवर होत. त्यांना किल्ली हवी होती. मी म्हटलं बसा, चहा टाकते. चहा घेऊन बाहेर आले तर त्या भिंतीसमोर उभ्या.

"मूर्ती सुंदर आहे गं. जपानी का?"

"नाही. नागपूरहून आणलीय."

बुद्धाच्या मूर्तीशेजारी फोटो आहे. निळा कोट, हातात पुस्तक. मराठी माणसाला त्याखाली नाव लिहावं लागत नाही. आम्ही बौद्ध. आजोबांपर्यंत महार. मी ते लपवलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. आडनाव गावावरून, शेवटी 'कर'. ज्याला जे समजायचं ते त्याने समजून घेतलं होतं.

वैदेहीताई म्हणाल्या, "अच्छा."

कप टेबलावर ठेवला तो परत उचलला नाही. ॲसिडिटी, म्हणाल्या. चहावर साय धरली. किल्ली न घेताच निघाल्या. दारात म्हणाल्या, "येते मी. तुम्ही बसा."

तोवर त्या मला अगं-तूगं करत होत्या.

पुढचे काही दिवस कुणी काही बोललं नाही. शंकरपाळ्यांचा डबा मी त्यांच्याकडे पाठवला होता, तो स्वातीबरोबर परत आला. भरलेला. "ताईंना शुगर निघालीय म्हणे," स्वाती म्हणाली, आणि घाईत निघून गेली. ग्रुपवर मेसेज आला की यंदा फराळ केटररकडून मागवू, उगाच कुणाला त्रास नको. खाली अंगठ्यांची रांग. मी फोन पालथा ठेवला. पाऊल वाजतंय पण माणूस दिसत नाही, तसे दिवस होते ते.

आणि मग हा जपानी चहा. महिनाभर आधी ठरलेला. ॲक्टनला एका जपानी बाईंनी घरामागच्या बागेत चहाची खोली बांधली आहे. तिथे त्या रीतसर चहा शिकवतात. आम्ही पाचजणी गेलो. कारमध्ये वैदेहीताई पुढे बसल्या आणि वाटभर ज़ेन, शांती, बुद्ध यांवर बोलल्या. जपानचा बुद्ध त्यांना फार आवडतो.

खोलीचं दार माणसाच्या कमरेइतकंही नाही. वाकून, गुडघ्यांवर रांगत आत जायचं. जपानी बाई म्हणाल्या, पूर्वी सरदारसुद्धा तलवार बाहेर ठेवून असेच आत येत. आत सगळे सारखे. वैदेहीताई "हाऊ ब्यूटिफुल" म्हणाल्या आणि साडी सावरत रांगल्या.

मी सगळ्यांत आधी आत गेले होते. गुडघ्याचं दुखणं, लवकर टेकलेलं बरं. चटईच्या काठावर पाय द्यायचा नसतो, मी दिला. भिंतीत एक कोनाडा होता, त्यात चित्रासारखी अक्षरं टांगलेली. त्याच्या जवळची जागा मोकळी दिसली, बसले. ती मुख्य पाहुण्याची जागा. मला काय माहीत. जपानी बाईंनी पाहिलं, क्षणभर थांबल्या आणि सर्वांत आधी मला वाकून नमस्कार केला. मग समजावून सांगितलं. त्या जागी जो बसतो तो पहिला पितो. सगळ्यांच्या वतीने यजमानाशी तोच बोलतो. दाट चहा एकाच वाडग्यातून सगळ्यांनी प्यायचा. कडा पुसायची, वाडगं फिरवायचं, पुढच्याला द्यायचं.

मी शेजारी पाहिलं. वैदेहीताईंची मान ताठ झाली होती.

तेव्हाच उठायला हवं होतं, जागा बदला म्हणायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. माझ्या मनात आलंही. पायांना मुंग्या आल्या होत्या. किटलीतलं पाणी बारीक आवाज करत होतं, दूर कुणी रडावं तसा. जपानी बाई हिरवी पूड ढवळत होत्या. सावकाश. इतकं सावकाश की मला घाम फुटला. काय होणार हे मला ठाऊक होतं. वैदेहीताईंनाही. त्या खोलीत आम्हा दोघींनाच.

वाडगं आलं. चहा ओल्या रंगासारखा दाट. मी घोट घेतला. कडू. कसा आहे, असं विचारायची रीत आहे. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छान. कडा पुसली. वाडगं फिरवलं. पुढे धरलं.

पुढचं वर सांगितलंच आहे.

जपानी बाई विचलित झाल्या नाहीत. म्हणाल्या, जरूर, करोनानंतर बरेच जण वेगळी वाडगी मागतात. सगळ्यांसाठी आणते. त्या उठू लागल्या.

"नो, नो," वैदेहीताई हसून म्हणाल्या. "वन फ्रेश बोल इज इनफ. वुई विल शेअर. दॅट वन शी कॅन कीप."

ते तिच्याकडेच राहू दे.

शाळेत असताना मी गणिताच्या शिकवणीला बाईंच्या घरी जायची. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. बाई चांगल्या शिकवायच्या. मधल्या वेळी सगळ्या मुलींना चहा. माझा कप खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर पालथा असायचा. कान तुटलेला. मी तो घ्यायचा, पुढे धरायचा, बाई वरून ओतायच्या. पिऊन झालं की मीच धुवायचा आणि परत पालथा ठेवायचा. फुटका कप म्हणून मला काही वाटायचं नाही. वाटायचं ते धुताना. माझ्याच तोंडचं मीच पुसतेय, आणि तेही नीट, डाग राहू नये म्हणून.

माझ्या हातातल्या वाडग्याला कानच नव्हता. जपानी वाडग्यांना नसतो.

मी ते खाली ठेवलं. वैदेहीताईंच्या आणि माझ्या मधोमध. यजमानाशी बोलायचा हक्क त्या जागेचा होता, आणि त्या जागेवर मी होते. मी इंग्रजीत म्हटलं, "दुसरं वाडगं आणू नका. हे हायजीन नाही. गेल्या आठवड्यात ह्यांनी माझ्या घरातला एक फोटो पाहिला. तेव्हापासून माझ्या हातचं ह्यांना चालत नाही. आमच्याकडे याला जात म्हणतात."

"अहो, काय हे! परक्यांसमोर?" वैदेहीताई मराठीत. "हसतील लोक."

"कुणाला हसतील, ताई?"

त्यांच्या मानेवर लाल चट्टे आले. "तुम्ही लोक ना, प्रत्येक गोष्टीत तेच आणता."

तुम्ही लोक. एकदाचं तोंडातून निघालं.

जपानी बाई परत खाली बसल्या. हात गुडघ्यांवर. चेहऱ्यावरून काही कळेना. वाडगं तिथेच. वैदेहीताईंच्या पलीकडे स्वाती. तिने हात लांबवला असता तर पोचला असता. तिने आपल्या मोज्यांकडे पाहिलं. बाकीच्या दोघींनी कोनाड्याकडे. चहा गार झाला, वर काळपट थर आला. मी तो संपवला नाही. धुवायलाही उठले नाही. शेवटी जपानी बाईंनी तो आणला होता तसाच, दोन्ही हातांनी, परत नेला.

मी रांगत बाहेर आले आणि बसने घरी गेले.

संध्याकाळी ग्रुपवर वैदेहीताईंचा मेसेज. "रविवारी कमिटी बसेल. विषय: सहलीतील सदस्याचे वर्तन. हॉलची किल्ली आणावी." खाली पुन्हा अंगठे.

स्वातीचा फोन आला. "जाऊ दे ना गं. सॉरी म्हणून टाक. मॅटर क्लोज."

"कशाबद्दल सॉरी?"

"असं बाहेरच्यांसमोर बोललीस ना... त्या मोठ्या आहेत."

"तू वाडगं का नाही उचललंस?"

ती म्हणाली, "त्यांच्याच घरात भाड्याने राहते गं मी. व्हिसाचं अजून व्हायचंय."

खरं बोलली. मी रागावले नाही. पण धीरही दिला नाही. तो द्यायला माझ्याकडे शिल्लक नव्हता.

रविवारी मी जाणार आहे. हॉल मीच उघडणार, किल्ली अजून माझ्याकडे आहे. माझ्याच पातेल्यात चहा टाकणार. घरातलं स्टीलचं वाडगं नेणार, एकच. आधी मी कोण ते सांगेन, मग पहिला घोट घेईन, आणि वाडगं वैदेहीताईंच्या पुढ्यात ठेवीन. किल्ली त्याच्या शेजारी.

कुणावर बळजबरी नाही. नको असेल त्याने नको म्हणावं. पण कारण सांगावं. इंग्रजीत नाही, स्वातीच्या कानात नाही. मराठीत, मोठ्याने, माझ्याकडे बघून. त्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही.