शालनची छत्री

शालन गेल्याचा फोन शेजारी आला, तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. "वहिनी, शालन गेली," भावजी एवढंच म्हणाले. माझ्या तोंडातून निघालं, "भर दुपारी नेऊ नका हो तिला." ते म्हणाले, "नाही. ऊन उतरल्यावरच."

शालन माझी धाकटी जाऊ. मुलुंडच्या दोन खोल्यांत आम्ही कितीतरी वर्षं एकत्र काढली. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती माझ्याबरोबर कुरडया घालायला गच्चीवर चढली आणि संध्याकाळी तिचे गाल लालबुंद, हातांवर फोड. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. डॉक्टर म्हणाले, हिच्या कातडीला ऊन सोसत नाही, आयुष्यभर जपावं लागेल. तेव्हापासून लांब बाह्यांचे ब्लाउज, खिडकीला जाड चादर, बाजार दिवेलागणीनंतर. बसमध्ये चढली की आधी ऊन कुठल्या बाजूने येणार ते बघायची. उन्हातली कामं मात्र संपली नाहीत, ती माझ्याकडे आली. रॉकेलची रांग, वाळवणं, मुलांना शाळेतून आणणं. "तिला चालत नाही, तू जा," हे सासूबाईंचं वाक्य मला पाठ झालं होतं. ती उन्हाने भाजायची आणि मी तिच्यावर जळायचे.

कामाचं एक वेळ सोडून देईन. खरा हेवा वाटायचा तो रस्त्यात. भावजी नेहमी तिच्या उन्हाकडच्या बाजूने चालायचे, त्यांची सावली तिच्यावर पडेल असे. रस्ता वळला की बोलता बोलता बाजू बदलायचे. आमचे हे मात्र दहा पावलं पुढे, मागे बायको आहे की हरवली, पत्ता नाही. चाळीत भावजींचं नावच छत्री पडलं होतं. एकदा मी वैतागून म्हटलं, "बरं आहे बाई तुझं, राणीसारखं." ती हसली. "अदलाबदल करू या, वहिनी? घ्या माझी कातडी."

"घेते की. पण छत्रीसकट हं!"

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मी गंमत करत नव्हते, हे तिला कळलं असावं...

पुढे ती दोघं बोरिवलीला गेली. कातडीचा तो आजार मूत्रपिंडांत उतरला. शेवटी भेटायला गेले तर गोळ्यांनी तिचा चेहरा सुजलेला, आणि भावजी स्टूल घेऊन खिडकीशी, उन्हाकडे पाठ करून बसलेले. अशा बाईचा कुणी हेवा करतं का? मी केला.

परवा भावजी आमच्याकडे आले होते. चारच्या सुमाराला आम्ही बाजारात निघालो. चालता चालता ते माझ्या उन्हाकडच्या बाजूला आले. "भावजी, मला चालतं ऊन," मी म्हटलं. ते दचकले. "सवय हो, वहिनी..." म्हणत पलीकडे गेले. पुढच्या वळणावर ऊन फिरलं आणि ते पुन्हा उन्हाकडे आले. या वेळी मी मान खाली घालून त्या सावलीतून चालत राहिले. शालन त्यांच्या खांद्याएवढी होती, मी त्यांच्याहूनही उंच. सावली माझ्या हनुवटीपर्यंतच पोचत होती. तोंडावर ऊन तसंच होतं.