साल ठरवायला बाबा आले

परभणीला जिंतूर रोडवरच्या एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मी पाच वर्षं पार्टच्या काउंटरला होतो. बेअरिंग, फिल्टर, क्लचप्लेट, कुठली वस्तू कुठल्या खणात आहे ते मी डोळे मिटून सांगायचो. हे आज बेधडक लिहितोय. तेव्हा लिहायची वेळ आली तर हात आखडला होता.

मोठे मालक कामावर यायचे तोवर पगारवाढ पाडव्याच्या आसपास व्हायची. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले आमचे अप्पा एकेकाला आत बोलवायचे, आईवडिलांची चौकशी करायचे आणि पाच-सातशे वाढवून द्यायचे. आम्ही मान डोलवून बाहेर. मग त्यांचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि त्या मार्चमध्ये आमच्या हातात छापील फॉर्म पडले. आपल्या कामाला आपणच पाचपैकी गुण द्यायचे, त्यावर मालकांशी बैठक होणार, आणि बैठकीवर वाढ.

सगळ्यांची पंचाईत झाली. आमचा मोठा मिस्त्री नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा. त्यानं आधी तीन लिहिले, मग खोडून दोन केले. "तीन म्हंजे लयच वाटायलेत राव," म्हणाला. मीही दोनच लिहिले. आमच्याकडं स्वतःची तारीफ करणारा माणूस हलका समजतात. शिवाय आपण कमी लिहिलं की समोरचा 'छे, एवढे कमी कसे?' म्हणत वाढवतो, जेवताना पाहुण्यानं पुरे म्हटलं तरी आपण वाढतोच की, असा आमचा सगळ्यांचा पक्का हिशेब होता.

मला चार हजारांची वाढ हवी होती. बायकोला सातवा महिना लागला होता, आणि मेव्हण्यानं पुण्यात एका गोदामात माझ्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. इथं चार मिळाले तर जायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. कारण एकच, बाबा. आई गेल्यापासून झरीच्या पुढं आमच्या गावातल्या घरात ते, मी आणि बायको एवढेच होतो. पुण्याला चला म्हटलं की ते उठून अंगणात जायचे.

बाबांनी बावीस वर्षं एकाच घरी सालगडी म्हणून काढली होती. पाडवा ते पाडवा असं त्यांचं साल असायचं. लहानपणी मी ते साल ठरताना पाहिलंय. मालक ओसरीवर, बाबा खाली पायरीवर मान घालून, आणि बोलणारा तिसराच, गावातला एक मधला माणूस. गड्यानं स्वतःच्या सालाचं स्वतः बोलायचं नसतं. रोख रक्कम, ज्वारीची पोती, धोतरजोडा, घोंगडी, सगळं मधला बोलायचा आणि शेवटी बाबांकडं बघून विचारायचा, "कबूल?" बाबा म्हणायचे, "हाव." घरी येताना नवी घोंगडी माझ्या डोक्यावर असायची. तिच्या लोकरीचा वास मला फार आवडायचा, अजूनही आठवला की मन भरून येतं. हा सौदा कसा झाला होता, हे तेव्हा कळत नव्हतं.

बैठकीचं मी घरी सांगितलं, तेव्हा बाबांनी हातातला घास तसाच ठेवला.

"तुज्याकडून कोन बोलनार?"

"मीच. तिथं तसंच असतं, बाबा."

"सोताचं सोता? लाज न्हाई वाटायची?"

मी हसण्यावारी नेलं. पण बैठकीच्या दिवशी अकराच्या सुमाराला हा पांढराशुभ्र शर्ट घातलेला माणूस, जीपच्या प्रवासानं खांद्यावर धुरळा बसलेला, माझ्या काउंटरपुढं उभा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन गिऱ्हाइकं उभी होती, मिस्त्री बघत होता. "तुमी कशाला आलात?" मी जवळजवळ ओरडलोच. त्या आवाजाची मला आजही शरम वाटते.

"साल ठरवायला," बाबा म्हणाले आणि माझ्या मागोमाग थेट केबिनमध्ये शिरले.

धाकटे मालक माणूस वाईट नव्हते. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाबा खुर्चीच्या अगदी कडेला बसले, पण बसले. मालकांनी माझा फॉर्म त्यांच्यापुढं सरकवला. "काका, मी काय करू सांगा. यांनीच स्वतःला पाचपैकी दोन दिलेत. दोनवाल्याला वाढ किती देणार?"

बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद उलटा-सुलटा पाहिला आणि विचारलं, "हे ह्यानंच लिव्हलं?"

"हो."

"मग बराबर लिव्हलंय. भल्या मानसानं आपल्या तोंडानं आपलं कवा सांगावं का, मालक? ते बाहेर मिस्त्री हायत, त्याहीला इचारा ना. गिऱ्हाइकाला इचारा. ह्याला कशाला इचारायलात?"

मालक हसले. मग खरंच उठून त्यांनी दार उघडलं आणि मिस्त्रीला विचारलं. मिस्त्रीनं हात पुसत सांगितलं, "ह्याला पाच द्या. हा रजेवर असला की आमी निस्तं हुडकत बसतो." स्वतःला दोन देणारा तोच माणूस. मालक परत येऊन बसले, थोडा वेळ आकडेमोड केली आणि म्हणाले, "बरं. अडीच हजार. याच्या वर या वर्षी मला शक्य नाही."

अडीच. चारही नव्हे, तीनही नव्हे. पण शेजारी बाबा बसले होते, आणि माझ्या डोळ्यांपुढं संध्याकाळचं आमचं अंगण आलं. खर्च कमी करू, बाळंतपण सरकारी दवाखान्यात करू, भागेल कसंतरी. मी 'चालेल' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"न्हाई जमत," ते म्हणाले आणि उठून उभे राहिले. "पोरगं पुन्याला जायलंय. राम राम, मालक."

मालक बघतच राहिले. दारापर्यंत जाईपर्यंत मला वाटत होतं की मागून हाक येईल, बाबांनाही वाटत असावं, कारण ते जरा हळू चालत होते. हाक आली नाही.

रस्त्यावर उन्हाचा कहर होता. समोरच्या रसवंतीवर आम्ही बसलो. मला रडायला येत होतं आणि रागही आला होता. "बाबा, मी हो म्हणणार होतो. तुमच्याचसाठी. तुमी काय करून बसलात?"

त्यांनी रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता, पीत मात्र नव्हते.

"माज्याकडून जो बोलायचा ना," ते म्हणाले, "तो मालकाचाच मानूस व्हता. मला ठावं व्हतं. बावीस सालं ठावं व्हतं."

"मग हाव कशाला म्हणायचात?"

"घरी तुमी व्हता. न्हाई म्हनलं तर गाव सोडावं लागलं असतं." त्यांनी एक घोट घेतला. "आज माज्यापायी तू हाव म्हनायलास, हे मला तिथं बसल्या बसल्या दिसलं."

पाडव्यानंतर चार दिवसांनी मी आणि बायको पुण्याला आलो, बाबा गावातच राहिले. मुलगी इथंच झाली. बाबा तिला बघायला एकदाच आले, दोन दिवस राहिले, आणि पुढच्या वर्षी वारले. ते गेले तेव्हा गावच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. शेजाऱ्यांनी सकाळी दार ढकललं, तेव्हा कळलं.