पाटीवरची गोरी बाई

टर्पेंटाइनचा वास आला की मला जुन्या जालन्यातल्या साडीच्या दुकानाची ती पत्र्याची पाटी आठवते. पाटीवरची बाई मी अंगणात गहू निवडत बसलेल्या बायकोकडे बघून काढली होती; पण शेठ म्हणाले, "पेंटर, बाई बिलकुल गोरी पाहिजे." मी तिला गोरी केली. पाटी बघून बायको हसली, "ही कोन हाय? मी न्हाई." दोन वर्षांनी ती तापानं गेली. तेराव्याला ठेवायला तिचा एकही फोटो नव्हता, म्हणून तीच पाटी मागून आणली आणि हार घातला. सासूबाई पाटीजवळ येऊन म्हणाल्या, "जावईबापू, माझी लेक कुठंय यात?" मी हार काढून ब्रश घेतला, तिचा सावळा रंग कालवायला बसलो, आणि मला तो आठवेना. अजूनही आठवत नाही.