उत्तममामांची राखीव फौज

उत्तममामा हिवाळ्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या थोबाडीत मारली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. जालन्याच्या एका पोलाद मिलमध्ये शिकाऊ इंजिनिअर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम दोन तास झाले होते. नव्या माणसाला काम दाखवायची हौस फार. भट्टीकडे जाणाऱ्या भंगाराच्या ढिगातून एक लोखंडी नळी घरंगळत खाली आली होती, ती मी उचलून परत ढिगावर टाकली. पुढच्या क्षणी कानात शिट्टी वाजली आणि माझं नवंकोरं हेल्मेट दहा फुटांवर जाऊन पडलं.

"तोंड बघितलं का तिचं?" पन्नाशीचा एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस माझ्यावर ओरडत होता. "दोन्हीकडून बंद हाय. आत पाणी ऱ्हातं. भट्टीत गेली तर तुह्या घरच्यांना तुहं बोट बी भेटायचं न्हाई!"

मामा भंगाराच्या यार्डाचे मुकादम होते. देशभरातून ट्रक भरभरून भंगार यायचं आणि त्यातली एकूण एक बंद वस्तू मामा शोधून काढायचे. मोटारसायकलचे शॉकअप, सिलिंडर, बुजलेले पाइप. ती घणाने फोडूनच पुढे सोडायचे. घण उचलला की तोंडातून शिव्यांचा पट्टा सुरू व्हायचा आणि शॉकअप फुटून काळं तेल तोंडावर उडालं तरी तो थांबायचा नाही. न तपासता माल पुढे ढकलणाऱ्याला थोबाडीत बसायची, मग तो क्रेनवाला असो की ट्रक ड्रायव्हर. एकदा मालकाच्या भाच्याला बसली. तो तक्रार घेऊन आपल्या सख्ख्या मामाकडे, म्हणजे मालकाकडे गेला, तर मालकांनी म्हणे एवढंच विचारलं, "एकच मारली ना?"

"भट्टीला भूक असती, डोळे नसत्यात," मामा म्हणायचे. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल.

त्या थोबाडीनंतरच्या रविवारी सकाळी मामा माझ्या खोलीवर आले. हातात डबा होता. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. "मामीनं दिलाय. ती म्हणती, मारलंय तर खाऊ बी घाल." मी पिंपळगाव रेणुकाईचा, जालन्यात एकटा राहायचो, त्यामुळे घरच्या भाकरीपुढे माझा राग तिथेच गळाला. पण मामांचं लक्ष डब्याकडे नव्हतं. ते माझ्या कॉम्प्युटरकडे बघत होते.

पडद्यावर दुसरं महायुद्ध चाललं होतं. इंटरनेटवरून दहा-बारा जण मिळून खेळायचा हा खेळ. एकेकाने एकेक देश घ्यायचा, सैन्य लढवायचं, कारखाने चालवायचे, पोलाद, तेल, रबर कुठून आणायचं ते बघायचं. दर रविवारी चार तास, असं एक युद्ध कित्येक महिने चालतं. माझा देश रशिया होता आणि जर्मनी मला पिटून काढत होती.

"ह्ये लाल आकडे कशाचे?" मामांनी विचारलं.

"कमतरता आहे. चाळीस हजार रायफली कमी पडतायत."

"म्हंजे चाळीस हजार लोकं रिकाम्या हातानं उभे केले तू?"

"खेळ आहे मामा."

"आन तू काय करून राह्यलास?"

मी नवीन रणगाड्यांचे कारखाने टाकत होतो. मामांनी स्टूल ओढलं. त्या खेळात एक देश दोघांना मिळून चालवता येतो. एकाने लढायचं, दुसऱ्याने उत्पादन सांभाळायचं. दोन तासांत मामांना त्यातलं सगळं कळलं आणि तिसऱ्या तासापासून रशियाचे कारखाने त्यांच्या ताब्यात गेले. मी त्यांना जुना लॅपटॉप दिला. इंग्रजी त्यांना जेमतेम अक्षर जुळवून वाचता यायचं, पण कुठला आकडा पोटाचा आणि कुठला दिमाखाचा हे त्यांना लगेच ओळखू यायचं.

नवा रणगाडा निघाला की मी जुन्याचं उत्पादन बंद करून नवा सुरू करायचो. असं केलं की कारखान्याचा वेग कोसळतो आणि महिनोन्‌महिने परत चढत नाही. मामांनी ते पहिल्याच रविवारी पकडलं. "हात बसलेला माणूस हालवू नको. तुह्या नव्या गाडीच्या नादात जुनी बी जाईन." त्यांनी आधी रायफली घेतल्या, मग ट्रक, मग रेल्वेची इंजिनं. रणगाड्यांना सगळ्यात शेवटी पोलाद मिळायचं. मी कुरकुरलो की म्हणायचे, "बंदूक शूर नसती रे इंजिनेर, गाडी शूर असती. गाडी पोचली तर बंदूक वाजती."

आणि खरंच आम्ही सावरलो. लाल आकडे गेले. चार महिन्यांत जर्मनी थांबली, पाचव्यात मागे हटू लागली. मामा दर रविवारी दहाच्या ठोक्याला डबा घेऊन हजर. खेळताना त्यांचा अवतार यार्डातलाच. शत्रूच्या विमानांनी आपला पोलादाचा कारखाना उडवला की टेबलावर अशी मूठ आपटायचे की खालून घरमालकीण हाक मारायची. लढाई संपल्यावर मेलेल्यांचा आकडा येतो, तो मात्र ते दर वेळी मोठ्याने वाचायचे. "आठ हजार सहाशे बारा," असं. मी पुढच्या चालीत गुंतलेलो असायचो. मला त्या वाचनाचा वैताग यायचा.

मग मी माती खाल्ली. जर्मनी मागे हटतेय म्हटल्यावर माझ्या अंगात आलं. मी नदी ओलांडून फौज सरळ आत घुसवली. मामा ओरडत होते, "गाडी पोचत न्हाई तिथं पाय टाकू नको! रूळ न्हाईत, रस्ते न्हाईत, खातील काय ते?" मी ऐकलं नाही. पुढच्या अर्ध्या तासात दोन्ही बाजूंनी रणगाडे आले आणि माझ्या तीस तुकड्या वेढ्यात सापडल्या. दारूगोळा संपला. पेट्रोल संपलं. नकाशावर त्या तुकड्या एकेक करून काळ्या पडत होत्या.

"मामा, बाहेरून वेढा फोडायला फौज द्या. जल्दी!"

"न्हाई."

"राखीव काहीच नाही?"

"न्हाई म्हणलं ना."

वीस मिनिटांत सगळं संपलं. त्या दिवशी मामांनी आकडा वाचला तो हळू आवाजात. एक लाख ऐंशी हजार. माझं डोकं फिरलेलं होतं. "पाच महिने कारखाने चालवता आणि दहा तुकड्या बाजूला काढता येत नाहीत? तुमच्या भीतीपायी मेले ते!" असं मी बोलून गेलो.

मामा उठले. त्यांनी माझा माउस उचलून भिंतीवर असा फेकला की त्याचे तुकडे पलंगाखाली गेले. मला वाटलं आता मला पडणार. पण ते दारात थांबून म्हणाले, "तुला दिले असते तर तेबी जाळले असते तू." डबा तसाच ठेवून निघून गेले. मी तो उघडलासुद्धा नाही. इतका राग होता माझ्या मनात.

तो राग मी मिलमध्ये घेऊन गेलो. हे मला लिहायचंच आहे.

आठवडाभराने, पावसाळी दिवस होता, दुपारची वेळ. तोवर माझं शिकाऊपण संपून मी भट्टीच्या कंट्रोल पॅनलवर होतो, त्या पाळीची माणसं माझ्या हाताखाली होती. भट्टी अर्धी भरलेली, आत पोलादाचं पाणी उकळत होतं. चुंबकाच्या क्रेनने भंगाराचा ढीग प्लॅटफॉर्मवर आणून टाकला होता आणि मामा त्याच्यापुढे आडवे उभे राहून एकेक वस्तू लांब लोखंडी आकड्याने उलटीपालटी करत होते. उत्पादन मॅनेजर खालून ओरडत होते की उशीर होतोय. दोन मजूर लांब सळ्या घेऊन ढीग आत लोटायला तयार उभे होते.

मी पॅनलच्या खोलीतून बाहेर आलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "जाऊ द्या मामा. तुमच्या भीतीपायी किती माणसं खोळंबून ठेवायची?"

मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. त्यांच्याकडून थोबाडीत खायची मला सवय होती, पण त्या नजरेत असं काही होतं की मी डोळे खाली घातले. आणि डोळे खाली ठेवूनच मी मजुरांना हात केला. लोटा.

त्यांनी लोटलं. मामांना ढिगात काहीतरी दिसलं. ते ओरडले, आकडा टाकून पुढे झेपावले आणि दोन्ही मजुरांना छातीवर धक्के देऊन त्यांनी प्लॅटफॉर्मच्या मागे पाडलं. मग भट्टी फुटल्यासारखा आवाज झाला. पांढरं, उकळतं पोलाद छपरापर्यंत उडालं आणि परत खाली आलं. पत्र्याला भोकं पडली. क्रेनच्या केबिनची काच तडकून खाली कोसळली. प्लॅटफॉर्मवर जी एक आकृती उभी होती ती जळत होती आणि जळत असतानाही हाताने मागच्यांना "यिऊ नका, यिऊ नका" असं करत होती. मी मेन स्विच पाडला. एवढंच मी केलं.

एका शॉकअपने हे केलं होतं. एका मोटारसायकलच्या, हातभर लांबीच्या.

मामा तीन दिवस जगले. संभाजीनगरच्या दवाखान्यात पट्ट्यांमधून फक्त ओठ दिसत होते. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं.

"ते दोघं?" त्यांनी विचारलं.

"काही झालं नाही त्यांना. खरचटलंय."

"बराबर." बऱ्याच वेळाने परत ओठ हलले. "इंजिनेर, तू कधी पूर्वेला बघतच न्हाई."

गुंगीत बोलत असतील असं मला वाटलं. मी माफी मागितली. ती त्यांना ऐकू गेली की नाही, मला अजूनही माहीत नाही.

शहागडला त्यांच्या गावी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना आटोपून माणसं जेवायला बसली तेव्हा मी ताट घेऊन मामींच्या समोर जाऊन बसलो. चौकशीत मी लिहून दिलं होतं तेच त्यांना तोंडाने सांगितलं. 'जाऊ द्या' मी म्हणालो, हात मी केला. मला वाटलं बाई आता मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मामींनी पदराचं टोक पिळलं. "रफिक तुमाला ठाव न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यांचा जोडीदार. दोघं संगंच लागल्ते मिलमंदी. एका ताटात जेवायचे. रफिक असाच ढीग तपासून राह्यल्ता आन ह्ये मागं मुकादम. वरून घाई झाल्ती. ह्ये बोलले, 'जाऊ दे रे रफिक.' रफिक घरी आलाच न्हाई. तवापासून ह्या माणसानं न्हाई कुणाला जाऊ दिलं. आता तुमी बी न्हाई जाऊ देणार. मला ठाव हाय."

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

खेळातल्या मित्रांनी आमचं युद्ध महिनाभर थांबवून ठेवलं होतं. एका रविवारी मी मामांचा लॅपटॉप उघडला. पूर्वेला बघ, असं ते म्हणाले होते. मी नकाशा सरकवत सरकवत युरोपपासून लांब, सायबेरियात गेलो. तिथे कुणीच लढत नव्हतं, म्हणून मी तिकडे कधी फिरकलो नव्हतो. तिथल्या एका शहरात, भरती आणि प्रशिक्षणाच्या यादीत, एकाखाली एक चाळीस तुकड्या होत्या. रायफली पूर्ण. ट्रक पूर्ण. बूट, तोफा, प्रशिक्षण, सगळं पूर्ण. प्रत्येकीपुढे हिरवी खूण होती आणि फक्त 'पाठवा'चं बटन दाबायचं बाकी होतं.

मला आधी रागच आला, तो लपवत नाही. चाळीस तुकड्या! वेढा फोडायला दहा पुरल्या असत्या. एक लाख ऐंशी हजार वाचले असते. माणूस माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून 'न्हाई' म्हणत राहिला आणि फौज मागे दडवून बसला. खेळ म्हणून पाहिलं तर मामा साफ चुकले होते.

मग मी नावं वाचली. त्या खेळात तुकडीला हवं ते नाव देता येतं. मामांनी इंग्रजी अक्षरं एकेक शोधून ती टाइप केली असणार. रफिक १. रफिक २. रफिक ३. अशी पार चाळीसपर्यंत. त्यांनी रफिकला चाळीस वेळा उभा केला होता, पायात बूट घातले होते, हातात बंदूक दिली होती, आणि चाळीसही वेळा त्यांना बटन दाबवलं नव्हतं.

यादी तिथे संपत नव्हती. सगळ्यात खाली आणखी एक तुकडी होती, वेढ्याच्या आधी थोडेच दिवस सुरू केलेली. तिचं नाव होतं 'इंजिनेर'. रायफली पूर्ण, बूट पूर्ण, ट्रक पूर्ण. प्रशिक्षणाच्या रकान्यात मात्र लाल पट्टी होती: अपुरं.

मी पॅनल सोडलं आहे. यार्डात बदली मागून घेतली, मामांचा घण आता माझ्याकडे आहे. अजून रोज मॅनेजर खालून ओरडतात. ते युद्ध आम्ही हरलो, कारण मी ती फौज शेवटपर्यंत पाठवली नाही. मित्रांनी मला भरपूर शिव्या घातल्या.